समुद्राच्या नकाशावरचे एसएलए आणि एडीटी, घोळ नेमका कुठे होतो

समुद्राची उंची मोजणाऱ्या अल्टिमीटर उपग्रहांचे नकाशे नवीन माणूस उघडतो तेव्हा एकावर एसएलए लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर एडीटी, दोन्ही समुद्राच्या पातळीचे आणि रंगही तेच, पाणी वर तिथे लाल आणि खाली तिथे निळा, मग हाताला लागेल तो उचलून भोवरे शोधायला बसतो. तिथेच फसतो.

एसएलए म्हणजे सी लेव्हल अॅनॉमली. आजची पातळी वजा त्याच जागची सरासरी, नेहमीच्या नकाशांत ती १९९३ ते २०१२ची असते. एडीटी म्हणजे अॅब्सोल्यूट डायनॅमिक टोपोग्राफी, समुद्र अगदी शांत पडून असता तर जी पातळी राहिली असती (जिऑइड) तिच्यापेक्षा पाणी किती वर किंवा खाली आहे ते.

मुळात सरासरी वजा का करायची? कारण गुरुत्वाकर्षणामुळे जिऑइडच कुठे ८० मीटर वर तर कुठे १०० मीटर खाली असतो, आणि प्रवाहांमुळे येणारा चढउतार जेमतेम एकदोन मीटरचा. १९९२ मध्ये टोपेक्स पोसायडन हा अल्टिमीटर उपग्रह अवकाशात गेला तेव्हा जिऑइड एवढा बारीक माहीतच नव्हता, सरासरी वजा केली की तो आपोआप जातो, पण त्याच्यासोबत कायमचा प्रवाहही जातो! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचा गल्फ स्ट्रीम हा प्रवाह ओलांडताना पाणी साधारण १०० किलोमीटरमध्ये मीटरभर चढतं, त्या उतारावरूनच सेकंदाला मीटरभर वेग निघतो, आणि एसएलएमध्ये तो प्रवाह जवळपास गायब. तो थोडा उत्तरेला वळला तरी तिथे लाल गोळा उमटतो आणि आपण म्हणतो उबदार भोवरा सुटला, एडीटीत बघावं तर ते प्रवाहाचंच वळण, अजून तुटलेलंच नाही.

याहून वाईट प्रकार जिब्राल्टरच्या आत, भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाच्या अल्बोरान समुद्रात. तिथला पश्चिमेकडचा मोठा भोवरा बहुतेक वेळा जागेवरच असतो, म्हणून तो सरासरीतच मुरलाय. तो जरा अशक्त झाला की एसएलए निळा खड्डा दाखवतो, म्हणजे उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा, आणि पाणी मात्र अजूनही घड्याळाच्याच दिशेने फिरतंय, फक्त हळू.

गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस आणि गोचे या उपग्रहांनी जिऑइड सुधारला तेव्हापासून एडीटीवर खूपच जास्त विश्वास ठेवता येतो. मोठ्या प्रवाहांपासून लांब, खुल्या समुद्रात एसएलए अजूनही छान चालतं, पण गल्फ स्ट्रीम किंवा जपानकडच्या कुरोशिओ प्रवाहाजवळ गोळा दिसला तर त्याच दिवसाचा एडीटी उघडून समान उंचीची रेषा खरंच पूर्ण बंद होतेय का ते बघायचं, मगच भोवरा म्हणायचं.