जंतू मरणं वेगळं, जुलाब थांबणं वेगळं

वनस्पतींवरचे शोधनिबंध चाळताना एक प्रकार इतक्यांदा दिसतो की आता चीड येते. शीर्षकात ‘अतिसारविरोधी गुणधर्म’ आणि आत बघावं तर नुसते पेट्री डिशचे फोटो. म्हणजे तपासला जंतुनाशक गुण, नाव दिलं भलतंच.

प्लेटची चाचणी बहुतेकांना पाठ असते. अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, जंतू पसरायचे, अर्कात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ पट्टीनं मोजायचं. (वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जालीम, हेही खरं नव्हे. टॅनिनसारखे मोठे रेणू अगारमधून धड पसरतच नाहीत. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं अर्काचं किमान प्रमाण, काढा की!)

दुसरी चाचणी उंदरांवरची. उपाशी उंदराला आधी अर्क पाजायचा, मग एरंडेल. खाली टिपकागद घालायचा आणि काही तास ओल्या लेंड्या मोजत बसायचं. तुलनेला लोपेरामाइड, हे जुलाब थांबवायचं नेहमीचं औषध. माउस घेतला की रॅट, यावरून फारसं अडत नाही. मराठीत दोन्ही उंदीरच.

घोळ होतो तो इथे. या दुसऱ्या चाचणीत जंतू औषधालाही नसतो. एरंडेलातून आतड्यात रिसिनोलिक आम्ल सुटतं, ते आतड्याच्या स्नायूंवरच्या ईपी-३ नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टरांवर) काम करतं आणि आतडं जोरजोरात आकुंचन पावू लागतं. लेंड्या कमी झाल्या, तर अर्कानं आतड्याची गती तरी मंदावली किंवा पाणी सुटणं तरी कमी केलं. यातलं नेमकं काय झालं, हे कळायला कोळशाची पूड पाजून ती आतड्यात कुठवर सरकली ते बघतात, आणि आतड्यात साठलेला द्रव वेगळा मोजतात. मला यातली द्रवाची मोजणी जास्त महत्त्वाची वाटते, कारण माणूस दगावतो तो पाणी गेल्यानं.

पटकी, म्हणजे कॉलरा, घ्या. तिचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतच नाही. त्याचं विष पेशीतलं सीएएमपी हे निरोप्या रसायन वाढवतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि मागोमाग पाणी. जंतू मेला तरी पेशीत शिरलेलं विष आपलं काम करतच राहतं. उलट बाजूनं क्रोफेलेमर बघा: क्रोटॉन लेचलेरी या झाडाच्या लाल चिकापासून केलेलं औषध. ते क्लोराइडच्या वाटा अडवतं, जंतू मारणं हे त्याचं काम नाही. तरी एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या संसर्गाविना होणाऱ्या जुलाबांसाठी अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियामक संस्थेनं) २०१२ मध्ये त्याला मान्यता दिली.

माझं आवडतं उदाहरण मात्र कच्च्या बेलफळाचं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या काढ्यानं तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. नुसतं प्लेटवर भागवलं असतं तर बेल तिथेच नापास. पण त्याच काढ्यानं जिवाणूंचं पेशींना चिकटणं कमी केलं आणि पटकीच्या विषाला ग्राहीवर बसू दिलं नाही. रोटाव्हायरसवर त्याचा परिणाम दिसला, तो वेगळाच. विषाणू अगारच्या प्लेटवर वाढत नाही, तेव्हा तिथे तो कळलाच नसता.

याच्या उलटी चूकही तितकीच होते. एरंडेलाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला अर्क ‘संसर्गजन्य जुलाबांवर उपयुक्त’ म्हणून छापतात. ताप आणि शौचातून रक्त असताना लोपेरामाइड टाळतात, कारण आतडं मंदावलं की जंतू आणि विष आतच रेंगाळतात. कोळशाच्या चाचणीत पहिला आलेला अर्क त्या रुग्णाला नेमकं तेच करणार.