हुली ते प्लातेरिया: आयमारा मुलखातल्या मिशनची पार्श्वभूमी

तितिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरवर आहे. त्याच्या काठाने आणि भोवतालच्या उघड्या पठारावर आयमारा लोकांची खेडी पसरलेली आहेत, काही पेरूत, काही बोलिव्हियात. या खेड्यांत मिशनवर राहून आलेल्यांच्या आठवणींत काही गोष्टी हटकून येतात. चार पावलं चढलं की लागणारी धाप. पाहुण्याच्या ताटात पडलेला चुन्यो, म्हणजे रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा. आणि भाषेने आणलेला घाम. बहुतेकांचा मुक्काम दोन-चार वर्षांचा. पण ज्या वाटेने ते गावात शिरले ती साडेचारशे वर्षांची आहे. ती ठाऊक नसेल तर गावकऱ्यांचा सुरुवातीचा संशयही उमगत नाही आणि नंतरची मायाही.

१५७६ मध्ये जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी, सरोवराकाठचं हुली हे गाव हाती घेतलं. त्याआधी तिथे डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे पाद्री होते. तो काळ भयानक होता. स्पॅनिश राजवटीने लादलेल्या मिता नावाच्या वेठीत गावोगावचे पुरुष पोतोसीच्या चांदीच्या खाणींकडे हाकलले जात, आणि अनेक जण परतत नसत. पाद्री एका हाताने विधवांना, गरिबांना आधार देत आणि दुसऱ्या हाताने लोकांची पूजास्थानं मोडून टाकत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीच्या बळावर दुसरी झाकता येत नाही.

तरी हुलीचं वेगळेपण भाषेत आहे. नव्या पाद्र्यांनी आधी इथे येऊन आयमारा शिकायची आणि मग गावांत जायचं, असा रिवाज पडला. १५८४ मध्ये लिमाला दक्षिण अमेरिकेतलं पहिलं पुस्तक छापून निघालं, तेच मुळी स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतली धर्मशिकवण होती. पुढे लुदोविको बेर्तोनिओ या इटालियन जेझुइटाने १६१२ मध्ये आयमाराचा मोठा शब्दकोश छापला. त्यातला 'हुचा' हा शब्द बघण्यासारखा आहे. पाप, व्यवहार, खटला असे तिन्ही अर्थ बेर्तोनिओने एकाच ओळीत दिले आहेत. देणंघेणं आणि तंटा यांसाठीच्या शब्दावर पाद्र्यांनी पापाचं ओझं लादलं, ते त्या ओळीत आजही दिसतं. या कोशाचे शब्द आले कुठून? हुलीच्याच मार्तीन दे सान्ता क्रूस हानानसाया या आयमारा माणसाच्या लिखाणातून. माझ्या मते मुखपृष्ठावर त्याचंही नाव हवं होतं.

आपल्याकडे याच संघाचे फादर स्टीफन्स त्याच सुमारास गोव्यात मराठी ओव्या रचत होते. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, बेर्तोनिओच्या कोशानंतर अवघ्या चार वर्षांनी.

१७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हद्दपार केलं. पुढच्या शतकात जमीनदारांनी आयमारांच्या जमिनी बळकावल्या.

मग येतं प्लातेरिया. पुनो शहराजवळच्या या गावात विसाव्या शतकाच्या आरंभी मानुएल कामाचो या आयमारा माणसाने आपल्याच लोकांसाठी शाळा काढली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण शाळेचं श्रेय सहसा बाहेरून आलेल्यांना जातं. कामाचोने अ‍ॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे मदत मागितली आणि १९११ मध्ये फर्डिनंड व अ‍ॅना स्टाल हे अमेरिकन जोडपं तिथे आलं. दवापाणी, स्वच्छता, अक्षरओळख असं काम सुरू झालं. जमीनदारांच्या पोटात गोळा आला, कारण लिहिता-वाचता येणारा माणूस कागदावर डोळे मिटून अंगठा उठवत नाही. शिवाय पेरूत निरक्षरांना मतदानाचा हक्कच नव्हता, तो १९७९ च्या राज्यघटनेने दिला. अक्षर शिकणं म्हणजे नागरिक होणं, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. मार्च १९१३ मध्ये पुनोचे बिशप घोडेस्वारांसह मिशनवर चालून आले. स्टाल तेव्हा तिथे नव्हते. कामाचो आणि त्याच्या साथीदारांना पकडून पुनोच्या तुरुंगात नेलं. त्यावर देशभर गदारोळ उठला आणि १९१५ मध्ये घटनेचं चौथं कलम बदलून कॅथलिक सोडून इतर पंथांना उघडपणे उपासना करायची मुभा मिळाली. एका खेड्यातल्या शाळेने देशाची घटना हलवली, हे मला फार मोठं वाटतं.

१९४३ मध्ये पुनोत मेरीनॉल या मिशनरी संस्थेचे अमेरिकन कॅथलिक पाद्री आले, त्यांनी गावातल्याच माणसांना धर्मशिक्षक म्हणून तयार केलं. साठच्या दशकात बोलिव्हियात मॉर्मन पंथाचे तरुण प्रचारक येऊ लागले. आयमारांनी यांतलं बरंच घेतलं, पण ऑगस्टमध्ये पचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य द्यायचं बहुतेकांनी सोडलं नाही.

भाषेचा घाम मात्र सगळ्यांनाच फुटला. आयमारात स्वतः पाहिलेली गोष्ट आणि दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट यांची क्रियापदं वेगळी असतात. आपण 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' यांत जो फरक करतो, तो तिथे व्याकरणातच आहे. बायबलची कथा स्वतः पाहिल्यासारखी सांगणारा ऐकणाऱ्यांना खोटारडा वाटला तर नवल नाही. आणि आपल्या 'आम्ही' आणि 'आपण' सारखे तिथेही दोन शब्द आहेत, 'नानाका' आणि 'हिवासा'. देवाशी बोलताना 'नानाका'च म्हणावं लागतं, कारण 'हिवासा'त समोरचाही मोजला जातो. मराठी ख्रिस्ती घरांतली प्रार्थनाही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशीच सुरू होते.