रात्री दोनचा गजर कोणी लावायचा?

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला जिलबीच्या कढया ऐन भरात असतात. सतरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींबरोबर तिथे जावंसं वाटणारच. पण तिला 'जीएसडी वन-ए' (ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, साठवलेली साखर वापरता न येण्याचा आजार) असेल, तर जिलबी वर्ज्य आणि घरी कॉर्नफ्लोरचा पेला वाट बघत असतो.

साधारण लाखात एका बाळाला होणारा हा जन्मजात आजार. जेवणातली जादा साखर यकृत ग्लायकोजेन म्हणून साठवतं; ती परत रक्तात सोडायला ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) लागतं. या मुलांमध्ये तेच नसतं, हे गर्टी आणि कार्ल कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ मध्ये दाखवलं. कोठार गच्च भरलेलं, पण किल्ली नाही. त्यामुळे काही तास पोट रिकामं राहिलं की साखर धोकादायक घसरते.

१९८४ मध्ये उपाय सापडला तो स्वयंपाकघरातलाच: कच्चं कॉर्नफ्लोर. आपलं नेहमीचं मक्याचं पीठ नव्हे, पांढरा मुलायम स्टार्च. गार पाण्यात कालवायचा. शिजवला तर पटकन पचतो आणि उपयोग जातो. तळाशी बसतो, म्हणून ढवळत ढवळतच संपवावा लागतो. दर चार-पाच तासांनी, रात्रीसुद्धा.

लहानपणी दोन वाजता आई उठवते. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं पेला चुकवू लागतात आणि घरात भांडणं सुरू होतात. "मला काही होत नाही," असं मूल म्हणतं, ते बहुतेकदा खरंच असतं. या आजारात रक्तात लॅक्टेट नावाचं रसायन वाढतं आणि मेंदू तेही इंधन म्हणून वापरतो. साखर खूप उतरली तरी चक्कर नाही, घाम नाही. नुकसान वर्षांनुवर्षं मुकाट होतं: यकृतात गाठी, मूत्रपिंडावर ताण. अशा मुलाला रागावून काय साधणार? तपासणीला जाणं तेवढं थांबतं.

त्यापेक्षा दंडावर ग्लुकोज सेन्सर लावावा आणि पेला चुकलेल्या रात्रीचा आलेख त्याच्याच मोबाइलवर त्याला बघू द्यावा. पहाटे तीनची घसरण स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की बोलणं वेगळं होतं. डॉक्टरांनीही बारा-तेराव्या वर्षापासून थोडा वेळ आईबाबांना बाहेर बसवून मुलाशीच बोलावं: किती ग्रॅम घेतोस, कधी चुकतं, कॉलेजात कसं करशील? दारूबद्दलही तिथेच स्पष्ट सांगावं, कारण दारूने साखर आणखी घसरते. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अठरा वर्षं आईच उत्तरं देत आली, तर मोठ्यांच्या डॉक्टरसमोर हे मूल गप्प बसतं.

हॉस्टेलला जाताना पाकिटात डॉक्टरांचं पत्र हवंच: उलट्या झाल्या, पेला पोटात टिकला नाही, तर ताबडतोब शिरेतून दहा टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन) द्यावं; रिंगर लॅक्टेट हे लॅक्टेट असलेलं सलाइन देऊ नये. आणि ते पत्र कुठे ठेवलंय, हे खोलीतल्या मैत्रिणीला माहीत हवं.