वायोमिंगमध्ये शिकारीला गाडी न्यायची आहे? परवाने, कागदपत्रं आणि अर्ज अडतो त्या जागा

जंगल सरकारी, परवाना खिशात, गाडी फोर बाय फोर. मग आत न्यायला हरकत काय? इथेच घोडं पेंड खातं. शिकारीचा परवाना वायोमिंग या अमेरिकी राज्याचं गेम अँड फिश खातं देतं आणि गाडी कुठे चालेल ते अमेरिकेच्या केंद्र सरकारची फॉरेस्ट सर्व्हिस (वनखातं) ठरवते. एकाचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही, आणि अर्ज भरताना हे कुणी आपणहून सांगत नाही.

आधी नकाशावर ‘वाइल्डरनेस’ची, म्हणजे कायद्याने राखीव ठेवलेल्या रानाची, हद्द बघा. ब्रिजर, टीटन, वॉशकी, क्लाउड पीक हे असे भाग आहेत. १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने तिथे मोटारगाडी, एटीव्ही (रानवाटांवर चालणारी छोटी चारचाकी), मोटारबोट बंद आहेच. शिवाय ‘कोणतंही यांत्रिक वाहन’ बंद आहे. म्हणजे सायकल नाही, ई-बाइक नाही, मारलेलं जनावर ओढून आणायची दोन चाकी हातगाडीसुद्धा नाही. यासाठी शिकाऱ्याने करायचा असा कोणताही अर्ज नाही, त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका. अपवाद व्हीलचेअरचा. ती फक्त चालण्यास असमर्थ व्यक्तीच्या वापरासाठी बनवलेली आणि घरात, इमारतीत वापरता येण्याजोगी असली पाहिजे. डॉक्टरांचं पत्र जोडलं म्हणून एटीव्हीची व्हीलचेअर होत नाही. अपंग शिकाऱ्यांना उभ्या गाडीतून गोळी झाडण्याची सवलत राज्य देतं, पण तिने बंद रस्ता उघडत नाही. वाइल्डरनेसच्या बाहेरच्या एखाद्या बंद रस्त्यावर गाडी न्यायची निकड असेल, तर त्या भागाच्या रेंजर कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. ती हक्काने मिळत नाही, म्हणून हंगामाच्या कितीतरी आधी विचारा.

वाइल्डरनेसच्या बाहेर नॅशनल फॉरेस्टमध्ये २००५च्या नियमाप्रमाणे ‘मोटर व्हेईकल यूज मॅप’ हा एकच आधार. हा नकाशा फुकट मिळतो, फोनवर उतरवून नेटवर्कशिवायही वापरता येतो. काळापांढरा आणि वाचायला किचकट आहे, पण दुसरा इलाज नाही. त्यावर नसलेला रस्ता बंदच समजायचा, मग प्रत्यक्षात चाकोऱ्या दिसोत किंवा ‘बंद’ची पाटी नसो. दंड ५,००० डॉलरपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यापुढे हंगामाच्या तारखा असतात, आणि त्या अमेरिकी पद्धतीने, महिना आधी. ९/१० म्हणजे १० सप्टेंबर. आपल्या सवयीने ९ ऑक्टोबर वाचलात तर संपूर्ण महिना चुकला. मारलेलं मोठं जनावर आणायला रस्ता सोडून ठरावीक अंतर आत जाण्याची मुभा काही रस्त्यांवर असते, सगळीकडे नसते. नकाशावर तशी खूण असेल तरच जा.

आता परवाना. वायोमिंगमध्ये सलग वर्षभर राहिल्याशिवाय तुम्ही ‘रेसिडेंट’ नाही. डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीहून जाणारे सगळे ‘नॉन-रेसिडेंट’. त्यांना एल्कचा (मोठ्या जातीच्या हरणाचा) परवाना सोडतीने मिळतो आणि त्या सोडतीचा अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बंद होतो. हरीण आणि अँटिलोपचा जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. जूनची तारीख डोक्यात धरून एल्कचं वर्ष घालवणारे दरवर्षी असतात.

जन्म १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतं ते हेच. दुसऱ्या राज्यातून केलेला कोर्सही चालतो. तो अर्जाआधीच उरका.

दुसरा अडसर फारसा कुणाला ठाऊक नसतो. नॉन-रेसिडेंटला वाइल्डरनेसमध्ये मोठ्या जनावराची शिकार एकट्याने करता येत नाही. सोबत लायसन्सधारक व्यावसायिक गाइड हवा, किंवा वायोमिंगचा रहिवासी, ज्याने त्यासाठी फुकट मिळणारं गाइड लायसन्स काढलंय. नुसता ‘तिथला मित्र बरोबर आहे’ हे चालत नाही. फुकट लायसन्सवाला हा रहिवासी पैसे घेऊ शकत नाही आणि वर्षात दोघांपेक्षा जास्त जणांना नेऊ शकत नाही. नुसतं भटकायला मात्र गाइड लागत नाही.

एच-वन-बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्यांनी हे नीट वाचावं. केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक जवळ बाळगणंच मना आहे. अपवादांपैकी तुमच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना. सोडतीच्या अर्जाची पावती म्हणजे परवाना नव्हे, मासेमारीचा परवानाही चालत नाही. मित्राची रायफल ‘जरा धरून बघायची’ असेल तरी आधी कागद हातात असू द्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

परराज्यातून एटीव्ही ओढून नेत असाल, तर वायोमिंगचा ओआरव्ही (रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाड्यांचा) स्टिकर वेगळा घ्यावा लागतो.

आणि अर्जात क्षेत्र निवडण्याआधी एक हिशेब करा. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस २०० पौंडांच्या आसपास भरतं, आणि ते जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे. वाइल्डरनेसमध्ये ते पाठीवरून किंवा घोड्यावरूनच बाहेर येतं. गाडी लावायच्या जागेपासून पाच मैल आत म्हणजे पाठीवरून तीन-चार खेपा, प्रत्येक खेप जाऊन-येऊन दहा मैल. घोडेवाला ठरवायचा असेल तर परवाना हाती आल्या आल्या ठरवा.