दोन इंटरनेट लाइन आणि परतीची वाट
आमच्या छोट्या ऑफिसाजवळ रस्ता खोदला की फायबर तुटायची आणि अख्खा दिवस वाया जायचा. शेवटी वैतागून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. दोन्ही लाइनना स्वतःचा स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा न बदलणारा क्रमांक) होता आणि दोन्ही केबल लिनक्स सर्व्हरच्या दोन नेटवर्क कार्डांना जोडल्या. बाहेरून पहिल्या पत्त्यावर सर्व्हर लगेच उघडला. दुसऱ्या पत्त्यावर मात्र ब्राउझर नुसता फिरत राहिला.

टीसीपीडंप (कार्डावरून येणारी-जाणारी माहिती दाखवणारं साधन) लावून दोन्ही कार्डांवरची रहदारी पाहिली, तेव्हा खरा प्रकार कळला. विचारणा दुसऱ्या कार्डावर व्यवस्थित येत होती. सर्व्हर उत्तरही देत होता, पण ते पहिल्या कार्डातून बाहेर पडत होतं!

लिनक्स कर्नल, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वाट ठरवताना एरवी एकच प्रश्न विचारतो: पॅकेटला (माहितीच्या छोट्या तुकड्याला) जायचंय कुठे? त्यासाठी राउटिंग टेबल, म्हणजे वाटांची यादी, असतं. जायच्या पत्त्याशी जी नोंद सर्वात जास्त आकड्यांपर्यंत जुळेल, ती निवडली जाते. काहीच जुळलं नाही तर डीफॉल्ट राउट, म्हणजे ठरलेली सर्वसाधारण वाट. दोन डीफॉल्ट राउट असतील तर ज्याचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा) आकडा लहान, तो जिंकतो. आमच्याकडे पहिल्या लाइनचा मेट्रिक १०० आणि दुसरीचा २०० होता. त्यामुळे बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट पहिल्याच दारातून निघे, मग पाहुणा कुठल्याही दाराने आलेला असो.

आता त्या उत्तरावर ‘प्रेषक’ म्हणून पत्ता होता दुसऱ्या लाइनचा. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने हा पत्ता परका. खोटा प्रेषक लावून केले जाणारे हल्ले रोखण्यासाठी अशी पॅकेट टाकून द्यावीत, ही शिफारस २००० सालापासून आहे आणि ती योग्यच आहे. आमचं उत्तर तिथेच गडप होत होतं.

यावरचा उपाय लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ कर्नलपासून आहे. कर्नलचे प्रोग्रामर अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी त्यात पॉलिसी राउटिंग (नियमांनुसार वाट निवडणं) आणलं. माझ्या मते लिनक्सच्या नेटवर्किंगमधली ही सर्वात सुंदर कल्पना आहे: टेबल एकच कशाला, हवी तेवढी ठेवा आणि कुठलं टेबल कधी उघडायचं, याचे वेगळे नियम लिहा. ‘आयपी रूल’ ही आज्ञा दिलीत तर कुठल्याही लिनक्सवर साधारणपणे तीन नियम दिसतील: ०, ३२७६६ आणि ३२७६७ क्रमांकाचे. लहान क्रमांक आधी तपासला जातो. ३२७६६ चा नियम म्हणजे आपलं रोजचं मुख्य टेबल.

आम्ही २०० क्रमांकाचं नवं टेबल केलं. त्यात एकच डीफॉल्ट राउट, दुसऱ्या लाइनच्या गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) जाणारा. मग नियम जोडला: प्रेषक पत्ता १९८.५१.१००.२० असेल तर टेबल २०० बघ. (पत्ता खरा नाही. हा गट उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.) कर्नलने त्या नियमाला आपणहून ३२७६५ क्रमांक दिला, म्हणजे मुख्य टेबलाच्या बरोबर आधी. त्याच क्षणी दुसरा पत्ताही उघडला. एवढं करूनही उघडला नाही तर आरपी फिल्टर, म्हणजे येणाऱ्या पॅकेटचा प्रेषक तपासणारी कर्नलची सेटिंग, तपासा. त्याची किंमत १ असेल आणि परतीची वाट वेगळ्या कार्डातून जात असेल, तर कर्नल येणारं पॅकेटच नाकारतो. २ ठेवली तर तो तेवढा कडक राहत नाही.

दोन लाइन म्हणजे दुप्पट वेग, असं अनेकांना वाटतं. दोन्ही राउटना वजनं (कुणाचा किती वाटा) देऊन रहदारी दोन्हींवर वाटता येते, पण एका डाउनलोडची सगळी पॅकेट एकाच वाटेने जातात. वेगवेगळी डाउनलोड दोन लाइनवर विभागली जातात, एवढाच फायदा.

ज्यासाठी दुसरी लाइन घेतली, ती फायबर तुटायची अडचण मात्र मेट्रिकने सुटत नाही. रस्त्यावर केबल तुटली तरी सर्व्हर आणि राउटर यांच्यामधली वायर शाबूत असते, कार्डाचा दिवा लुकलुकत असतो, आणि कर्नल पहिला राउट जिवंतच समजतो. म्हणून दर काही सेकंदांनी बाहेरचा एखादा पत्ता पिंग करून (छोटं चाचणी-पॅकेट पाठवून), उत्तर येईनासं झालं की राउट बदलणारी छोटी स्क्रिप्ट लागते. राउट बदलल्यावर साधा पिंग दुसऱ्या लाइनवरून जातो आणि पहिली लाइन मेलेली असतानाही ‘सगळं ठीक’ म्हणतो. म्हणून पहिल्या लाइनसाठीही टेबल १०० आणि तिचा नियम केला, आणि पिंगला प्रेषक पत्ता बांधून दिला. आता प्रत्येक चाचणी आपापल्या लाइनवरूनच जाते.