‘दणकट पत्रा’ ते पाच तारे : मोटारींच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी

जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, म्हणून त्या अधिक सुरक्षित होत्या, हा समज आपल्याकडे प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळापासून चालत आला आहे. मोटारींवर जीव असलेली जाणकार माणसेही तो बोलून दाखवतात. त्या गाड्यांचा डौल मला आजही आवडतो. तरीही हा समज चुकीचा आहे आणि तो धोकादायक आहे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने २००९ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू यांची समोरासमोर टक्कर घडवून आणली. दोन्ही गाड्यांचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर होता. लांबरुंद, जाड पत्र्याच्या बेल एअरचा चालकाच्या बाजूचा भाग आत चेपला गेला, समोरच्या काचेशेजारचा, छप्पर पेलणारा खांब मागे सरकला आणि स्टिअरिंग थेट चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्यावर आले. त्या जागी माणूस असता तर तो वाचला नसता. मालिबूचे नाक पार चुरगळले, पण प्रवासी बसतात तो कक्ष जागच्या जागी राहिला आणि तिच्या चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीपलीकडे काही झाले नसते.

हे नाक मुद्दाम चुरगळण्यासाठीच घडवलेले असते. मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना पेटंटच्या रूपात मांडली. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग दबणारा असावा आणि मधला कक्ष ताठ असावा, म्हणजे धडकेची ऊर्जा पत्रा दुमडण्यात खर्ची पडते, थांबायला काही क्षण अधिक मिळतात आणि शरीराला बसणारा झटका तेवढा कमी होतो, हे त्यामागचे साधे भौतिकशास्त्र होते. १९५९ मध्ये ही रचना प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीत आली. त्याच वर्षी व्होल्वोचे निल्स बोहलीन यांनी तयार केलेला तीन ठिकाणी बांधलेला सीटबेल्ट गाड्यांत बसवला जाऊ लागला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले. मोटार उद्योगाच्या इतिहासात इतके उदार निर्णय फार थोडे आहेत.

तंत्र उपलब्ध झाले म्हणून ते सगळ्या गाड्यांत आले, असे मात्र घडले नाही. कायद्याची किमान अट पूर्ण करणारी गाडी आणि खरोखर जीव वाचवणारी गाडी यांतला फरक ग्राहकाला दिसत नव्हता. नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेने १९९७ मध्ये धडक चाचण्यांचे निकाल ताऱ्यांच्या रूपात उघड केले, तेव्हा तो फरक प्रथमच युरोपातील सामान्य ग्राहकापुढे आला.

भारतात ही वेळ २०१४ च्या जानेवारीत आली. अशाच चाचण्या इतर देशांत घेणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स ताशी ६४ किलोमीटर वेगाने, चालकाच्या बाजूचा केवळ ४० टक्के भाग आदळेल अशा रीतीने, अडथळ्यावर नेली. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी कमाल पाचपैकी शून्य तारे मिळाले. त्यातही एक भेद होता, जो त्या वेळच्या गदारोळात अनेकांच्या नजरेतून सुटला : फिगो आणि पोलो यांचा सांगाडा स्थिर राहिला होता, म्हणजे त्यांत कमतरता प्रामुख्याने एअरबॅगची होती, उरलेल्या तिघींचा सांगाडाच अपुरा ठरला. फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो बाजारातून काढून घेतली आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोने चार तारे मिळवले. या सर्व गाड्या तेव्हाच्या भारतीय नियमांनुसार पूर्णपणे वैध होत्या, ही मला त्या निकालांतली सर्वांत क्लेशदायक गोष्ट वाटते.

त्यानंतर नियम भराभर बदलले. समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या २०१७ पासून नव्या मॉडेल्सना लागू झाल्या, तर चालकासाठीची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशाची स्वतःची चाचणी योजना सुरू झाली आणि तारे देण्याचे काम पुण्याच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टकडे आले.

या इतिहासातून मी एकच निष्कर्ष काढतो : जे मोजले आणि जाहीर केले गेले, तेच सुधारले. जे मोजले जात नाही, ते आजही गाडीचे रूप ठरवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे. छप्पर मजबूत राहावे म्हणून समोरचे खांब जाड झाले, हे योग्यच आहे; पण ताम्हिणी घाटात उजवे वळण घेताना समोरून येणारा दुचाकीस्वार त्याच खांबाआड काही क्षण पूर्ण नाहीसा होतो. वातानुकूलनाची बटणे जाऊन टचस्क्रीन आली, त्यामुळे जे काम बोटांना न पाहता जमत होते, त्यासाठी आता रस्त्यावरची नजर काढावी लागते. युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या मोजक्या कामांसाठी प्रत्यक्ष बटणे वा दांडे असण्याला गुण देण्याचे ठरवले, ते याच कारणाने. एसयूव्हीचे उभट, उंच बॉनेट पादचाऱ्याच्या पायांऐवजी छातीवर किंवा डोक्यावर आदळते.

गाडीमालकही यात भर घालतात. पुढे बसवलेला लोखंडी बुल बार धडकेचा भार थेट सांगाड्यात नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात बाधा आणतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना त्यावर कारवाई करण्यास सांगितले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तो युरोपात पाच तारे मिळवलेल्या गाडीत. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळपास २० टक्के पादचारी होते. २०२३ च्या भारत एनकॅपमध्ये गाडीतील प्रौढांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र तारे आहेत. पादचाऱ्यांच्या बाबतीत मात्र किमान मानक पाळले की नाही, एवढेच पाहिले जाते. बॉनेटच्या उंचीचे आणि खांबाआड लपणाऱ्या रस्त्याचे गुणही गाडीच्या ताऱ्यांत धरले गेले पाहिजेत, कारण ज्यांच्या जिवाशी त्यांचा संबंध आहे ती माणसे ती गाडी विकत घ्यायला कधीच शोरूममध्ये जाणार नाहीत.