पार्श्वभूमी : ऊद, उदमांजर आणि पाणमांजर

खाडीत पोहणाऱ्या पाणमांजरांच्या बातमीला ‘उदमांजरांची टोळी’ असा मथळा मिळतो, आणि घराच्या माळ्यावर सापडलेल्या उदमांजराची बातमी ‘ऊद पकडला’ म्हणून छापली जाते. हे दोन प्राणी वेगळ्या कुळांतले आहेत. पाणमांजर मुस्टेलिडी कुळातलं, म्हणजे मार्टेन आणि बॅजर यांच्या गोतातलं. उदमांजर व्हायव्हेरिडी कुळातलं, जवादी मांजराचं भावंड. खरं मांजर दोघांपैकी एकही नाही.

गोंधळाचं मूळ ‘ऊद’ या शब्दात आहे. संस्कृतातला ‘उद्र’ हा पाण्यातला प्राणी, म्हणजे पाणमांजरच. तो भिजणं, ओलं होणं या अर्थाच्या ‘उद्’ धातूवरून आला. हिंदीत त्याचा ‘ऊदबिलाव’ झाला, बंगालीत ‘उद्बिडाल’. दोन्हीकडे ऊद अधिक मांजर म्हणजे पाण्यातला प्राणी. मराठीत मात्र तीच जोडणी करून तयार झालेला ‘उदमांजर’ आंबे-फणस खाणाऱ्या, कौलांवरून फिरणाऱ्या प्राण्याला चिकटला. कोकणात त्यालाच कांडेचोर म्हणतात. हे असं का झालं असावं? एक तर्क वासाचा. मराठीत ऊद म्हणजे धुपासारखी जाळायची सुगंधी राळही, आणि हा शब्द अरबीकडून आलेला. उदमांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथींना उग्र वास असतो. तेव्हा उदमांजरातला ऊद धुपाचा आणि पाणमांजराचा ऊद पाण्याचा, असे दोन वेगळे शब्द उच्चारात एक झाले असावेत. दुसरा तर्क साधा आहे: लांबट अंग, आखूड पाय, जाड शेपूट आणि रात्रीचा वावर असलेल्या कुठल्याही प्राण्याला लोक ऊद म्हणू लागले. विदर्भ-मराठवाड्यातला ‘मसण्याऊद’ या तर्काला बळ देतो. तो शब्द कधी उदमांजराला लावतात, तर कधी रॅटल या बॅजरसारख्या प्राण्याला. प्रेतं उकरतो म्हणून मसण्या, आणि ही बदनामी मुख्यत्वे फळांवर जगणाऱ्या उदमांजराच्या गळ्यात विनाकारण पडली आहे.

भर घातली ती अनुवादाने. हिंदी बातमीतला ‘ऊदबिलाव’ मराठीत आणताना ‘उदमांजर’ लिहिणं हाताला सोपं जातं, आणि वाचताना चूक ध्यानातही येत नाही. म्हणून लेखी मराठीत ‘पाणमांजर’च वापरावं. नदीकाठच्या माणसाच्या तोंडी ‘ऊद’ आला तर तो खोडू नये, पण कोणता ऊद हे एकदा विचारून घ्यावं.

मराठीला पाणमांजरात मांजर दिसलं, काही शेजाऱ्यांना कुत्रा. कन्नडमध्ये तो नीरुनायी, तेलुगूत नीटिकुक्क, हिंदीतही ऊदबिलावासोबत ‘पानीकुत्ता’ चालतोच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज निसर्गअभ्यासकांनी ही देशी नावं टिपली, पण त्यांच्या शास्त्रीय नावांचा घोळ लोकांच्या घोळापेक्षा लहान नव्हता. ‘लुट्रा नायर’ या एका नावाखाली त्यांनी भारतातली बहुतेक पाणमांजरं बसवली. आज ते नाव फक्त युरेशियन पाणमांजराच्या दक्षिणेकडच्या उपजातीला उरलं आहे. मऊ केसांच्या पाणमांजराचं शास्त्रीय वर्णन १८२६ सालचं, त्याची स्वतंत्र प्रजात (जीनस) १८६५ सालची, तरी जुन्या याद्यांत ते वेगळं दिसतंच असं नाही. त्यामुळे त्या काळातल्या ‘नदीत पाणमांजर आहे’ अशा नोंदीवरून जाती ठरवता येत नाही. अमुक नदीत पूर्वी युरेशियन पाणमांजर होतं, असं जुन्या यादीच्या जोरावर सांगणारे निष्कर्ष जपूनच घ्यावेत.

भारतात जाती तीन. मऊ केसांचं पाणमांजर ७ ते ११ किलोचं, कळपाने राहणारं. आपल्या खाड्या, धरणं आणि मोठ्या नद्यांत दिसतं ते बहुतेक हेच. युरेशियन पाणमांजर बरचसं एकटं फिरतं, डोंगरी प्रवाह पसंत करतं. लहान नखांचं पाणमांजर जेमतेम साडेतीन किलोचं, खेकड्यांवर जगणारं. पश्चिम घाटात त्याचा मुक्काम कोडगू, निलगिरी, अन्नमलईकडे. पहिल्या दोघांत फरक करायचा तर शेपूट पाहावी: मऊ केसांच्या पाणमांजराची टोकाकडे चपटी होते, युरेशियनची गोल निमुळती राहते. समोरून फोटो मिळाला तर नाकाच्या वरची केसांची रेघही उपयोगी पडते; युरेशियनमध्ये ती नागमोडी असते. मध्य भारतात युरेशियन पाणमांजर उरलं नाही असं धरून चाललं होतं. २०१६ मध्ये सातपुड्याच्या आणि कान्हा परिसराच्या जंगलांत वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत ते सापडलं. म्हणजे प्राणी गेला नव्हता, त्याला शोधायला कुणी ओढ्याकाठी बसलं नव्हतं.

मऊ केसांच्या पाणमांजराबद्दल भारतात जे पक्कं माहीत आहे त्याचा मोठा भाग चंबळवरचा आहे. तिथे रेडिओ लावून केलेल्या अभ्यासात नराचा वावर नदीच्या सुमारे १७ किलोमीटर पट्ट्यात आढळला, पिल्लांसह असलेल्या मादीचा सुमारे साडेपाच. गर्भकाळ ६० ते ६३ दिवस, पिल्लं १ ते ५. आहारात माशांचा वाटा ७५ ते १०० टक्के. कळप कधी कधी ‘व्ही’ आकारात प्रवाहाविरुद्ध सरकत मासे पुढे रेटतो. बांगलादेशातल्या सुंदरबनालगतच्या कोळ्यांनी हीच सवय वापरली: दोन मोठी पाणमांजरं बांबूला दोरीने बांधायची, पिल्लं मोकळी सोडायची, आणि त्यांनी काठच्या झुडपांतून हुसकावलेला मासा जाळ्यात घ्यायचा. १८२४ मध्ये बंगालातून प्रवास करणाऱ्या एका इंग्रज बिशपनेही काठावर बांधून ठेवलेली अशी पाणमांजरं पाहून नोंदवली होती. सिंधू नदीवरही ही पद्धत होती.

खेळकरपणाचा बोलबाला जुना आहे, पण त्यातलं सगळंच खेळ नाही. मासेमारी आटोपली की कळप वाळूवर लोळतो, अंग घासतो. पाहणाऱ्याला ती मस्ती वाटते, प्रत्यक्षात तो फर सुकवण्याचा भाग आहे. बाहेरचे केस १२ ते १४ मिलिमीटर, आतली लव ६ ते ८ मिलिमीटर. या लवेत अडकलेली हवा त्याला ऊब देते. लव ओली राहिली किंवा तिला डिझेल लागलं की थंडी थेट अंगाला भिडते. म्हणूनच काठावरचा मोकळा वाळूचा पट्टा त्याला हवाच, आणि वाळूउपसा मासे न मारताही पाणमांजर हुसकावतो. पिल्लांची कुस्ती, ओल्या चिखलावरून घसरणं, पाठीवर पडून छातीवर खडा नाचवणं हा मात्र खेळच. खडा नाचवण्याने खेकडा-शिंपले फोडण्याचा हात बसतो, असं बरेच दिवस मानत. ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या लहान नखांच्या आणि मऊ केसांच्या पाणमांजरांवर केलेला २०२० चा अभ्यास त्याच्याशी जुळत नाही. खेकडे खाणारी जात मासे खाणाऱ्या जातीपेक्षा जास्त खेळली नाही. जास्त खेळणाऱ्यांना अन्न लपवलेली कोडी लवकर सुटली नाहीत. खेळ वाढला तो भूक लागल्यावर. आणि पिल्लं व म्हातारी पाणमांजरं ही पिल्लं वाढवणाऱ्या वयातल्यांपेक्षा जास्त खेळली. पिंजऱ्यापुढे ‘किती आनंदात आहे’ म्हणून थांबलेल्या प्रेक्षकाला कदाचित जेवणाच्या वेळेची वाट पाहणारा प्राणी दिसत असतो.

याच खेळकर प्रतिमेने अलीकडे नवा बाजार उभा केला. आधीचा बाजार कातड्यांचा होता, आणि भारतातून तो तिबेटकडे वाहत होता. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटात पकडलेल्या एकाच खेपेत वाघाची ३१, बिबट्याची ५८१ आणि पाणमांजराची ७७८ कातडी निघाली. वाघाच्या ३१ कातड्यांवर जगभर लिहिलं गेलं, ७७८ चा आकडा बातमीच्या शेपटाला राहिला. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यात तिबेटी धर्मगुरूंनी अशी कातडी अंगावर न घालण्याचं आवाहन केलं. त्यानंतर तिबेटात लोकांनी ती जाहीरपणे जाळली. पुढच्या दशकात मागणी जिवंत पिल्लांची झाली. लहान नखांची पिल्लं थायलंडमधून जपानकडे चोरट्या मार्गाने जाऊ लागली, तिथे पाणमांजरांचे कॅफे निघाले. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हात लहान नखांचं आणि मऊ केसांचं अशी दोन्ही पाणमांजरं वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली, आणि त्यांचा देशादेशांतला व्यापारी व्यवहार बंद झाला. प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता. युरेशियन पाणमांजर तिथे १९७७ पासूनच होतं.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात प्रश्न व्यापाराचा कमी, जाळ्यांचा जास्त. चोडणसारख्या बेटावर पाणमांजरं खारफुटीत राहतात, खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या, बांधावर येऊन बसतात. मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दाराशी मासा जमतो, तिथेच जाळं असतं, आणि तिथेच पाणमांजर पोचतं. फाटलेल्या जाळ्याचा खर्च मच्छीमाराच्याच अंगावर पडतो. ही तक्रार खरी आहे. पण सह्याद्रीच्या डोहांत जिलेटिन किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मारलेला मासा पाणमांजराच्या खात्यावर मांडायचा, हे खरं नाही.

प्राणी न दिसता नावाचा घोळ सोडवायचा तर विष्ठा पाहावी. पाणमांजराची विष्ठा पाण्यालगतच्या ठरलेल्या जागी, खडकावर किंवा वाळूवर, एकाच ठिकाणी अनेकांची साठलेली असते. त्यात माशांचे खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात आणि मासळीचा वास येतो. उदमांजराची विष्ठा कुंपणाच्या भिंतीवर किंवा वाटेतल्या दगडावर पडते, आणि त्यात फळांच्या बिया भरलेल्या असतात. चिखलातल्या पाणमांजराच्या ठशात पाच बोटं आणि त्यांमधला पडदा उमटतो.

विहिरीत पडलेला प्राणी कोणता, यावर पुढची कृती ठरते. पाणमांजर तासन्‌तास पोहू शकतं, पण चढायला जागा नसेल तर थकतं. तिरकी फळी किंवा खडबडीत फांदी पाण्यापर्यंत सोडावी, गर्दी हटवावी; रात्री ते बहुधा स्वतःच निघून जातं. दोरीचा फास टाकू नये, हाताने धरू नये. त्याचा चावा मासा कवटीसकट फोडणाऱ्या दातांचा असतो. उदमांजर पोहण्यात इतका वेळ काढू शकत नाही, त्याला लगेच आधार हवा. महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवताना ‘ऊद’ एवढंच सांगितलं तर येणारा माणूस पिंजरा कोणता आणायचा याचा अंदाज बांधू शकत नाही. पंचनाम्यात तर शास्त्रीय नाव लिहिणंच बरं. २०२२ च्या दुरुस्तीआधी वन्यजीव संरक्षण कायद्यात मऊ केसांचं पाणमांजर दुसऱ्या अनुसूचीत होतं, लहान नखांचं पहिल्या, आणि कागदावर नुसता ‘ऊद’ असेल तर नेमकं कोणतं कलम लावायचं यावरच वेळ जाई.